चालण्याची क्षमता (हृदयक्षीणतेतील मापन)

हृदयक्षीणतेच्या, म्हणजे रूढ भाषेत हार्ट फेल्युअरच्या, रुग्णाने घरी काही आठवडे व्यायाम केल्यावर चालण्यात पडलेला फरक बहुधा सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीने मोजतात. रुग्ण आपल्या गतीने चालतो, दम लागल्यास थांबतो. घड्याळ मात्र चालूच राहते. कापलेले अंतर मीटरमध्ये नोंदवतात.

चाचणीच्या जनकत्वाबाबत एकवाक्यता नाही. ठरावीक वेळेत कापलेल्या अंतरावरून क्षमता अजमावण्याची कल्पना साधारणतः १९६० च्या दशकारंभी बाल्के या संशोधकांकडे जाते. कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटे धावण्याची चाचणी रूढ केली, तर मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये जुनाट श्वासनलिकादाहाच्या रुग्णांना तेवढाच वेळ चालवले. बारा मिनिटे रुग्णांना जड जात असल्याने बटलंड आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दोन, सहा व बारा मिनिटांची तुलना केली, आणि काहींच्या मते आजच्या चाचणीचा आरंभ हाच. हृदयक्षीणतेपुरते पाहता गायट आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या अभ्यासाला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुप्फुसविकारांवरील वैद्यकीय संघटनेच्या २००२ च्या मार्गदर्शिकेनुसार मार्ग सपाट व ३० मीटरचा असावा आणि दोन्ही टोकांना वळण्यासाठी शंकू ठेवावेत. मोजणाऱ्याने रुग्णासोबत चालू नये. दर मिनिटाला ‘छान चालत आहात, पाच मिनिटे उरली’ अशी ठरलेलीच वाक्ये सम स्वरात म्हणावीत. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. गायट यांच्याच १९८४ च्या प्रयोगात निव्वळ प्रोत्साहनाने अंतर सुमारे ३० मीटरने वाढले होते, आणि रुग्णाला जाणवेल असा किमान फरक म्हणून हृदयक्षीणतेत साधारण तेवढाच आकडा सांगितला जातो. सरावानेही दुसऱ्या खेपेस अंतर वाढते. उलट घरातल्या आखूड मार्गिकेत वारंवार वळावे लागल्याने ते घटते, त्यामुळे तेथील आकड्याची रुग्णालयातील आकड्याशी तुलना करू नये.

घरच्या व्यायामाचा परिणाम तपासणाऱ्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्ट फेल्युअर-अॅक्शन या अभ्यासात २,३३१ रुग्ण होते. देखरेखीखालील अठरा सत्रांनंतर घरचा व्यायाम सुरू होई आणि छत्तीस सत्रांनंतर तो पूर्णतः घरी होई. तीन महिन्यांनी अंतरातील मध्यक (म्हणजे क्रमाने मांडल्यास मधल्या रुग्णाची) वाढ व्यायामगटात २० मीटर, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ५ मीटर आढळली.

ट्रेडमिलवर गतीशी जुळवून घेणे रुग्णाला अवघड जाते, म्हणून ती या चाचणीसाठी ग्राह्य धरत नाहीत.