‘एल्डर टू मी’चा खुलासा

इंदूरच्या मराठी घरांत मुलं मुलाखतीची तयारी करतात तेव्हा एक नियम हमखास शिकवला जातो: नात्यातल्या माणसाला ‘ओल्डर’ म्हणायचं नाही, ‘एल्डर टू मी’ म्हणायचं. हा नियम चुकीचा आहे, आणि तो आता सोडायला हवा.

‘माय ब्रदर इज ओल्डर दॅन मी’ हे वाक्य पूर्ण शुद्ध आहे. ‘एल्डर’ला सहसा नामाच्या आधी बसवतात: ‘माय एल्डर ब्रदर’. तुलना करताना, म्हणजे ‘दॅन’ आला की, ‘ओल्डर’च लागतो. मग हा ‘टू’ आला कुठून? बहुधा ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’वरून. ते शब्द लॅटिनमधले, म्हणून त्यांच्यामागे ‘टू’ येतो. ‘एल्डर’ मात्र ‘ओल्ड’चंच जुनं इंग्रजी रूप आहे. भारतात ‘एल्डर टू’ सर्रास ऐकू येतं, पण ब्रिटिश वा अमेरिकन परीक्षकाच्या कानाला ते खटकतं.

‘एल्डेस्ट’ला नामाच्या आधीच बसण्याचं बंधन नाही. ‘शी इज द एल्डेस्ट’ चालतं. भावंडं दोनच असतील तर ‘एल्डर’, तीन किंवा जास्त असतील तर ‘एल्डेस्ट’.

खरी गफलत ‘एल्डेस्ट’, ‘टॉलेस्ट’ अशा शब्दांच्या पुढे येणाऱ्या शब्दात होते. आपण ‘घरात’ आणि ‘तिघींत’ दोन्हीला एकच ‘त’ लावतो. इंग्रजी तसं करत नाही. गट किंवा जागा असेल तर ‘इन’: ‘द टॉलेस्ट इन द फॅमिली’. मोजलेली माणसं असतील तर ‘ऑफ’: ‘द टॉलेस्ट ऑफ द थ्री सिस्टर्स’.

आणि ताईचं लग्न ‘मॅरीड विथ’ नव्हे, ‘मॅरीड टू’.