सोलापूरची माणसं जनगणनेत शोधताना

1881 च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 5 लाख 82 हजार भरली. 1891 मध्ये ती साडेसात लाखांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ 29 टक्के! साथीच्या रोगांच्या त्या काळात नुसत्या जन्मांनी एवढी भर पडत नाही. 1876 ते 78 च्या दुष्काळात जित्राबं विकून मुलूख सोडलेली घरं पाऊसपाणी सुधारल्यावर माघारी आली, तीही या आकड्यात आहेत.

स्थलांतर ओळखायचा सर्वांत जुना धागा म्हणजे जन्मस्थानाचा प्रश्न. जन्म कुठला, मोजणी कुठं, हे ताडून पाहायचं. सोलापूरच्या गिरण्यांत आणि मागांवर आलेले तेलुगू विणकर त्यातून सापडतात. पण निजामाच्या मुलखात जन्मून लग्नानं बार्शीत आलेली लेकही त्यातच धरली जाते, म्हणून बायका-पुरुषांचे आकडे वेगळे काढावे लागतात. ‘आधी कुठं राहत होता?’ हे 1971 पासून विचारलं जाऊ लागलं, ‘का आलात?’ हे 1981 पासून.

शेतमजुरांचा माग याहून अवघड. 1961 मध्ये हंगामातले बहुतेक दिवस रोज तासाभराहून जास्त राबणारं माणूसही कामकरी धरलं गेलं. 1971 ला आधी ‘मुख्य काम कोणतं?’ असं विचारलं. खुरपायला, ज्वारी काढायला जाणाऱ्या कितीतरी बायकांपुढं ‘घरकाम’ लिहिलं गेलं आणि देशातल्या कामकरी स्त्रियांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. बायका तर रानातच होत्या. दोन जनगणनांचे आकडे शेजारी मांडण्याआधी दोन्ही वेळचे प्रश्न वाचायचे, ते यासाठी.

उजनी धरण झालं, ऊस वाढला, कारखाने वाढले. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन येतात, राहायला कोप्या म्हणजे झोपड्या घालतात. हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते; मोजायला मात्र कोयता एकच. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी गावाकडं. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळपात. गावाकडच्या घराला कुलूप आणि प्रगणक फडापर्यंत पोचला नाही, तर ते जोडपं दोन्हीकडून सुटतं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख 1 मार्च 2027 आहे. त्या तारखेआधी होणाऱ्या मोजणीत पंढरपूर-माळशिरसच्या प्रगणकांनी प्रत्येक कोपीत जावं आणि एका कोयत्यापुढं दोन कामकरी माणसं लिहावीत.