करारविना ब्रेक्झिटची पूर्वतयारी

ब्रिटनला कोणताही करार न होता युरोपीय संघातून बाहेर पडावे लागले तर काय करायचे, याची सरकार, कंपन्या आणि नियामक संस्थांनी २०१६ ते २०२० या काळात करून ठेवलेली तजवीज. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला. २९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनने तशी रीतसर सूचना दिली आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. मुदतीत करार झाला नाही, तर सीमाशुल्क, परवाने, औषधांची मान्यता, विमानसेवा या साऱ्यांचे नियम एका रात्रीत बदलणार होते.

या तयारीचे दोन प्रकार दिसतात. काही संस्थांनी आपले कायदेशीर बस्तानच हलवले. ईझीजेट या विमान कंपनीने २०१७ मध्येच ऑस्ट्रियाचा परवाना मिळवला. एकाच परवान्यावर संघभर व्यवसाय करण्याची मुभा जाणार हे ओळखून लंडनच्या बँकांनी फ्रँकफर्ट, पॅरिस, डब्लिन येथे उपकंपन्या उभ्या केल्या. युरोपीय औषध संस्था सुमारे ९०० कर्मचाऱ्यांसह लंडनहून ॲमस्टरडॅमला गेली. मिलानशी मते समसमान पडल्याने हे शहर चिठ्ठी टाकून ठरले होते.

दुसरा प्रकार, म्हणजे मालाचा साठा करणे किंवा उत्पादन थांबवणे, तारखेला बांधलेला होता आणि खरी ओढाताण तिथेच झाली. बाहेर पडण्याचा दिवस २९ मार्च २०१९ असा धरून बीएमडब्ल्यूने ऑक्सफर्डच्या मिनी कारखान्याची वार्षिक उन्हाळी सुट्टी एप्रिलमध्ये ओढली. मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरनेही एप्रिलमध्ये आठवडाभर उत्पादन थांबवायचे ठरवले. प्रत्यक्षात तारीख आधी १२ एप्रिलवर आणि मग ३१ ऑक्टोबरवर गेली. सुट्ट्या मात्र ठरल्याप्रमाणे पार पडल्या, कारण कामगारांच्या रजा, सुट्या भागांचा पुरवठा आणि यंत्रांची देखभाल यांचे वेळापत्रक ऐनवेळी फिरवता येत नाही. बस्तान हलवणाऱ्यांचा खर्च मोठा होता, पण तारीख कितीही सरकली तरी तो वाया जाणारा नव्हता. साठा करणाऱ्यांना मात्र प्रत्येक मुदतवाढीबरोबर गोदामाचे भाडे आणि अडकलेले भांडवल यांचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

सरकारने औषध कंपन्यांना नेहमीपेक्षा सहा आठवड्यांचा जादा साठा ठेवायला सांगितले होते. ही सूचना अगदी रास्त होती, कारण इन्शुलिनसारखे औषध जवळजवळ सगळे बाहेरून येत असे. सरकारी तयारी ‘ऑपरेशन यलोहॅमर’ या नावाने चाले. सप्टेंबर २०१९ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या तिच्या दस्तऐवजात, इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी मालट्रकांना दीड ते अडीच दिवस खोळंबावे लागेल असा अंदाज होता. जादा जहाजफेऱ्यांचे १.३८ कोटी पौंडांचे एक कंत्राट तर एकही जहाज नसलेल्या कंपनीला मिळाले होते; ते फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द झाले.

सर्वात उघडे पडले ते लहान व्यापारी. मूल्यवर्धित करासाठी नोंदलेले सुमारे १,४५,००० व्यवसाय फक्त युरोपीय संघाशीच व्यापार करत होते. त्यांनी सीमाशुल्काचा अर्ज कधी भरलाच नव्हता. मोठ्या कंपन्यांकडे वकील आणि सल्लागार होते, यांच्या हाती आले ते सरकारी पत्र. तयारीच्या मूल्यमापनात मोठ्या नावांचीच चर्चा होते आणि ही बाजू मागे राहते, हे खटकते.

तारीख आणखी एकदा सरकून, बाहेर पडण्यापुरता करार होऊन ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडले आणि जुने नियम ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहिले. व्यापार करारावर एकमत झाले ते २४ डिसेंबरला, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी. त्याच सुमारास करोनाच्या नव्या विषाणूप्रकारामुळे फ्रान्सने अचानक सीमा बंद केली. केंटमधील मॅन्स्टनच्या जुन्या धावपट्टीवर मालट्रक उभे करण्याची चाचणी जानेवारी २०१९ मध्ये ८९ ट्रक घेऊन झाली होती. आता तिथे हजारो ट्रक उभे राहिले आणि त्यांच्या चालकांचा नाताळ केबिनमध्येच गेला.