वक्त्याला मध्येच अडवायची सोय

आपल्याकडे विद्यापीठात व्याख्यान म्हटलं की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचा लांबलचक परिचय आलाच. प्रश्नोत्तरांच्या वाट्याला येतात ती आभारप्रदर्शनाच्या आधीची पाच मिनिटं. याच्या अगदी उलट टोकाची प्रथा म्हणजे चालू असलेलं, अजून कच्चं असलेलं संशोधन दहा-वीस जणांपुढे फळ्यावर मांडायचं आणि ऐकणाऱ्यांनी ते हवं तिथे तोडायचं. ती एकाच ठिकाणी जन्मली असं नाही. बर्लिनला माग्नुस या प्राध्यापकांच्या घरी 1840च्या दशकातच भौतिकशास्त्रज्ञांची अशी बैठक भरायची. पण बैठकीतला अनौपचारिकपणा मुद्दाम कसा घडवावा लागतो, हे पाहायचं तर केंब्रिजला जायला हवं.

तिथल्या भौतिकशास्त्राच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन प्रमुख असताना, 1893पासून, दर पंधरवड्याला संशोधकांची सभा होऊ लागली. सभेआधी चहा, आणि तो द्यायला बऱ्याचदा खुद्द श्रीमती थॉमसन. 1895मध्ये केंब्रिजने दुसऱ्या विद्यापीठांतल्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून दारं उघडली, तेव्हा न्यूझीलंडहून अर्नेस्ट रदरफोर्ड आले. 1919मध्ये तेच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. माणूस मोठ्या मनाचा, पण आवाज दणदणीत आणि दरारा तितकाच. त्यांच्या पुढ्यात पोरं गप्पच बसायची.

ही अडचण हेरली ती प्योत्र कापित्सा या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने. 1921मध्ये पेत्रोग्राडहून आलेला हा तरुण रदरफोर्ड यांना पाठीमागे ‘मगर’ म्हणायचा, यावरून त्याचा स्वभाव कळेल. ऑक्टोबर 1922मध्ये त्याने स्वतःची मंडळी जमवली. मंगळवारी रात्री, जेवणं आटोपल्यावर, ट्रिनिटी कॉलेजातल्या कुणाच्या तरी खोलीत ती जमायची. कॉफी, तिकाटण्यावर टेकवलेला फळा आणि कोण कशावर बोललं याची नोंद ठेवणारी एक वही, एवढाच सरंजाम. सभासद व्हायचं तर नुसतं ऐकून भागत नसे, स्वतः बोलावं लागे. वक्त्याला कुठेही अडवायची मुभा होती. तरीही इंग्रज मुलं संकोचाने तोंड उघडेनात, तेव्हा सुरुवातीला कापित्साच जाणूनबुजून ढोबळ चुका करायचे. म्हणजे मग सगळ्यात धाकट्यालाही ‘नाही, तसं नाही’ म्हणायचा धीर व्हायचा. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत हुशार.

28 जुलै 1925 रोजी या ‘कापित्सा क्लबात’ तेवीस वर्षांचे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग बोलले. विषय होता वर्णपटांच्या गुंतागुंतीचा, त्याला नाव मात्र त्यांनी प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राचं थट्टेखोर दिलं होतं. त्याच महिन्यात पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) नवी मांडणी त्यांनी पूर्ण केली होती. व्याख्यानाचा विषय ती नव्हती. तिची वाच्यता झाली ती केंब्रिजच्याच राल्फ फाउलर यांच्याशी खासगीत बोलताना. फाउलर यांनी पुढे त्या मांडणीच्या लेखाची मुद्रितं (छपाईआधीच्या तपासणीच्या प्रती) मागवून घेतली आणि ऑगस्टअखेर आपल्या विद्यार्थ्याला, पॉल डिरॅक यांना, धाडली. त्या वर्षाअखेरीस डिरॅक यांचा स्वतंत्र सिद्धान्त छापूनही आला. असल्या बैठकांचा हिशेब नुसत्या व्याख्यानांच्या यादीवरून मांडता येत नाही तो यामुळेच.

फेब्रुवारी 1932मध्ये कॅव्हेंडिशमधल्याच जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध याच क्लबात सांगितला. आधी कापित्सांनी त्यांना ट्रिनिटीत जेवू-पिऊ घालून खुशीत आणलं होतं. कित्येक रात्री धड झोप नसलेल्या चॅडविक यांनी बोलणं संपवताना सांगितलं, आता मला क्लोरोफॉर्म देऊन पंधरा दिवस झोपवून ठेवा.

1934मध्ये कापित्सा सुट्टीत मायदेशी गेले आणि सोव्हिएत सरकारने त्यांना परत येऊ दिलं नाही. क्लब मात्र कॅव्हेंडिशमधल्या कॉकक्रॉफ्ट वगैरे मंडळींनी चालू ठेवला, आणि तो 1950च्या दशकापर्यंत टिकला. कापित्सांनी मॉस्कोत आपल्या नव्या संस्थेत बुधवारच्या बैठका सुरू केल्या. त्याच संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ लेव लांडाऊ यांचा गुरुवारचा परिसंवाद व्हायचा, आणि तिथे वक्त्याची गत इतकी वाईट व्हायची की केंब्रिज सौम्य वाटावं. कापित्सांना पुन्हा केंब्रिजला येता आलं ते थेट 1966मध्ये. त्यांच्यासाठी जुन्या क्लबाची एक बैठक खास बोलावली गेली.

होमी भाभा 1927मध्ये केंब्रिजला गेले, म्हणजे क्लब ऐन भरात असताना. त्यांनी 1945मध्ये उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही बुधवारचं व्याख्यान हा परिपाठ झाला. ते थेट केंब्रिजच्या क्लबातूनच आलं असं म्हणता येणार नाही, आणि मॉस्कोतही बुधवारच होता हा योगायोग. पण भाभांचा आग्रह वेगळा होता. गणितवाला असो, भौतिकशास्त्रज्ञ असो की जीवशास्त्रज्ञ, बुधवारी सगळ्यांनी एकाच सभागृहात बसायचं. त्यामुळे वक्त्याला आपला विषय परक्या शाखेच्या माणसाला कळेल असा सांगावा लागायचा. भाभा स्वतः बसायचे पुढच्या रांगेत.