निर्णय विद्यापीठाचा, झळ गावाला

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी ला क्रॉस नावाचं पन्नासेक हजार वस्तीचं शहर आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या या शहरात उच्च शिक्षणाच्या तीन संस्था आहेत. २०२० मध्ये शैक्षणिक वर्ष सुरू झालं आणि एकट्या सप्टेंबरात ला क्रॉस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) कोरोनाचे दोन हजारांच्या आसपास रुग्ण सापडले. त्यांत बहुतेक कॉलेजच्या वयाची मुलं होती. बहुतेकांना दोन-चार दिवसांचा ताप यायचा, काहींना तेवढाही नाही. ‘पोरं आहेत, बरी होतील’ असं तेव्हा अनेक शहरांत बोललं जात होतं.

तिथल्या गंडरसन रुग्णालयाच्या संशोधकांनी १११ रुग्णांच्या नमुन्यांमधल्या विषाणूचा जनुकीय क्रम तपासला. विद्यार्थ्यांमध्ये झपाट्याने पसरलेले विषाणूचे दोन उपप्रकार त्यांना ओळखता आले. तपासलेल्या नमुन्यांपैकी याच उपप्रकारांचे आठ गावातल्या दोन शुश्रूषागृहांमधले होते, म्हणजे जिथे म्हातारी, परावलंबी माणसं राहतात तिथले. विषाणू या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी शिरला होता. त्यात दोन जण दगावले. विद्यार्थ्यांमधली साथ आणि शुश्रूषागृहातला मृत्यू यांच्यातला धागा इतका स्पष्ट क्वचितच हाती लागतो. विद्यापीठ उघडायचं की नाही, हे या वृद्धांना कुणी विचारलं नव्हतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचं मर्म तेच आहे आणि ते कोरोनापेक्षा खूप जुनं आहे.

१६६५ च्या प्लेगमध्ये केंब्रिज विद्यापीठ बंद झालं आणि न्यूटन आपल्या गावी गेला, ही गोष्ट टाळेबंदीत आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केली. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १६६६ च्या मार्चमध्ये न्यूटन केंब्रिजला परतला, पण साथ पुन्हा उसळली आणि जूनमध्ये त्याला परत गावी जावं लागलं. कायमचा तो परतला १६६७ च्या एप्रिलमध्ये. उघडायचं, साथ आली की पांगायचं, पुन्हा उघडायचं, हे चक्र तेव्हाचंच. विद्यार्थी आणि अध्यापक पांगू शकत होते. त्यांना भाकरी पुरवणारे, कपडे धुणारे, घोडी भाड्याने देणारे जाणार कुठे? शहरालगतची स्टोअरब्रिजची मोठी जत्राही प्लेगमुळे रद्द झाली, म्हणजे दुहेरी मार. बाजारातल्या वजनमापांवर आणि पाव-बिअरच्या दरांवर या शहरात १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडानंतर अधिकार चालायचा तो विद्यापीठाचा. बंड चिरडल्यावर राजाने तो नगराकडून काढून विद्यापीठाला दिला होता.

१९१८ मध्ये अमेरिकेत याहून वाईट योग जुळून आला. पहिल्या महायुद्धासाठी कॉलेजांमध्येच विद्यार्थ्यांच्या लष्करी प्रशिक्षणाची योजना निघाली आणि १ ऑक्टोबरला देशभरातल्या पाचशेहून अधिक संस्थांत तिची एकाच दिवशी सुरुवात झाली. सव्वा लाखाहून अधिक तरुण दाटीवाटीच्या बराकींत राहायला आले. इन्फ्लुएंझाची सर्वांत जीवघेणी लाट त्याच महिन्यात आली.

अमेरिकेतलं ‘कॉलेज टाउन’ म्हणजे काय, हे समजल्याशिवाय २०२० चं चित्र नीट दिसत नाही. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं काढण्यासाठी सरकारी जमीन मिळाली. त्यांतली बरीच छोट्या गावांत निघाली आणि गाव त्यांच्याभोवती वाढत गेलं. पेनसिल्व्हेनियात तर गावाचं नावच स्टेट कॉलेज. वस्ती चाळीसेक हजार, आणि तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता लाखाच्या वर! सामन्याच्या शनिवारी हॉटेलं, बार, पेट्रोलपंप जे कमावतात त्यावर अनेकांचं वर्ष निघतं. विद्यापीठाच्या जमिनीवर मात्र बहुतांशी मालमत्ता कर लागत नाही. त्यामुळे रस्ते, पोलीस, अग्निशमन यांचा भार नगरपालिकेवर पडतो आणि तिची कमाई विद्यार्थ्यांच्या खिशावर अवलंबून राहते.

मार्च २०२० मध्ये हे खिसे एका आठवड्यात निघून गेले. ६ मार्चला सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने प्रत्यक्ष वर्ग थांबवले, पाठोपाठ जवळपास सगळ्यांनीच. त्या वर्षी दशवार्षिक जनगणनाही होती आणि मोजणीचा दिवस होता १ एप्रिल. विद्यार्थी जिथे एरवी राहतात तिथेच मोजले जावेत असा नियम होता, पण भाड्याच्या खोल्यांमध्ये अर्ज भरायला माणूस उरला नव्हता. आपली लोकसंख्या कमी भरेल आणि पुढची दहा वर्षं निधीला कात्री लागेल, ही धास्ती या गावांनी घेतली.

उन्हाळ्यात विद्यापीठांवर चहूकडून दबाव आला. वसतिगृहं आणि मेसचं उत्पन्न बुडत होतं आणि ऑनलाइन शिक्षणाला पूर्ण फी द्यायला पालक नाखूश होते. त्यातच ६ जुलैला ट्रम्प प्रशासनाने जाहीर केलं की, ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. पुण्या-मुंबईपासून नांदेडपर्यंत कितीतरी घरांत त्या आठवड्यात झोप उडाली होती. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला निर्णय मागे घेतला गेला. वर्ग प्रत्यक्ष भरवण्याकडे ढकलणारं हेही एक कारण होतं.

मग ऑगस्ट आला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं चॅपेल हिल हे गाव ऑरेंज काउंटीत येतं. काउंटीच्या आरोग्य विभागाने जुलैच्या अखेरीस विद्यापीठाला पत्र लिहून निदान पहिले पाच आठवडे वर्ग ऑनलाइन ठेवा, वसतिगृहांत गरजूंनाच घ्या, असं सुचवलं. पण तो केवळ सल्ला होता, आदेश नव्हता. १० ऑगस्टला वर्ग भरले. आठवड्याभरात १३० विद्यार्थी बाधित निघाले आणि चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण २.८ वरून १३.६ टक्क्यांवर गेलं. १७ ऑगस्टला विद्यापीठाने पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची घोषणा केली. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिओन्टा या छोट्या शहरात सातशेवर विद्यार्थी बाधित झाले आणि सुरू होऊन दोन आठवडेही न झालेलं सत्र ३ सप्टेंबरला गुंडाळावं लागलं. अशा मुलांना घरी पाठवलं तर ती विषाणू देशभर घेऊन जातील, असं अमेरिकी सरकारचे संसर्गरोगतज्ज्ञ अँथनी फाउची त्याच सुमारास बजावत होते. म्हणजे ठेवलं तर गावाला धोका, पाठवलं तर दुसऱ्या गावांना.

सगळीकडे असंच झालं असं नाही आणि हे सांगायलाच हवं. न्यूयॉर्क राज्यातल्याच इथाका गावात कॉर्नेल विद्यापीठाच्या गणितज्ञांनी वेगळा मुद्दा मांडला. तिथल्या खासगी खोल्यांचे करार कितीतरी महिने आधी झालेले असतात. वर्ग ऑनलाइन ठेवले तरी हजारो मुलं गावात येणारच, आणि मग त्यांना चाचणीची सक्ती करता येणार नाही. त्यापेक्षा विद्यापीठ उघडून पदवीच्या विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा चाचणी केली तर एकूण संसर्ग कमी राहील. हा हिशेब वादग्रस्त ठरला, पण त्या सत्रात कॉर्नेलमध्ये साथ आटोक्यात राहिली.

इलिनॉय विद्यापीठाने लाळेची स्वतःची चाचणी काढली. नळीत थुंकायचं, काही तासांत निकाल अॅपवर, आणि निकाल असेल तरच इमारतीत प्रवेश. त्यांच्या गणितात पार्ट्याही धरल्या होत्या. बाधित असल्याचं कळल्यावरही कुणी पार्टीला जाईल, हे मात्र धरलं नव्हतं. तसं घडलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला आकडे चढले. मग निर्बंध आवळून ते खाली आणावे लागले. माणसांच्या वागण्याचं गणित शास्त्रज्ञांनाही चुकतं, त्यात कमीपणा नाही. पण चुकीची किंमत कोण मोजणार, हे आधी ठरलेलं नसतं.

विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसनमध्ये हा ताण उघड्यावर आला. डेन काउंटीच्या प्रमुखांनी सप्टेंबरात विस्कॉन्सिन विद्यापीठाला विद्यार्थी घरी पाठवण्याचं जाहीर आवाहन केलं. विद्यापीठाने दोन आठवडे वर्ग ऑनलाइन नेले, पण बहुसंख्य मुलं शहरात खासगी घरांत राहतात, त्यांना आम्ही कसं पाठवणार, असा त्यांचा सवाल होता. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. चीड येते ती ही चर्चा मे महिन्यात एका टेबलावर बसून झाली नाही याची.

पुढे आकडेवारी आली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये, वर्ग सुरू होण्याआधीचे २१ दिवस आणि नंतरचे २१ दिवस यांची तुलना प्रसिद्ध केली. मोठ्या विद्यापीठांनी प्रत्यक्ष वर्ग भरवले त्या काउंटींत रुग्णांचं प्रमाण ५६ टक्क्यांनी वाढलं होतं. ऑनलाइन राहिलेल्या विद्यापीठांच्या काउंटींत ते जवळपास १८ टक्क्यांनी घटलं होतं. त्याआधी डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवलं होतं की, ऑगस्टअखेरपासून विद्यार्थीबहुल काउंटींमधले मृत्यू दुप्पट झाले, उर्वरित देशात ही वाढ ५८ टक्के होती. मरणाऱ्यांत विद्यार्थी फारच थोडे होते.

महाराष्ट्रात याच काळात वाद पेटला तो अंतिम वर्षाच्या परीक्षांवर. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्ट २०२० ला परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल लागला. कॉलेजं बंद राहिल्याने सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्या, अभ्यासिका, मेस आणि डबे देणाऱ्या बायकांचं काय झालं, आणि ती उघडल्यावर त्या गल्ल्यांत संसर्ग किती वाढला, हे प्रश्न त्या वादात आलेच नाहीत. पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणणाऱ्यांना ते पडायला हवे होते.

२०२१ च्या वसंतात लशीने समीकरण बदललं. मार्चमध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने येणाऱ्या शरद सत्रासाठी विद्यार्थ्यांना लस सक्तीची केली आणि मग शेकडो संस्थांनी तोच मार्ग धरला. या नियमाची झळ थेट आपल्यापर्यंत पोहोचली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नोव्हेंबर २०२१ पर्यंत मिळाली नव्हती, त्यामुळे ती घेतलेल्या मुलांना अनेक अमेरिकी विद्यापीठांनी पुन्हा लस घ्यायला सांगितलं. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर तेव्हा ८४ दिवस होतं. ते पाळलं तर ऑगस्टचं विमान चुकणार होतं. मे महिन्याच्या अखेरीस मुंबई महापालिकेने कस्तुरबा, राजावाडी आणि कूपर रुग्णालयांत परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खास लसीकरण ठेवलं, तेव्हा प्रवेशाची कागदपत्रं हातात घेऊन मुलं रांगेत उभी राहिली. जूनमध्ये केंद्राने त्यांच्यासाठी हे अंतर २८ दिवसांवर आणलं.