रोध आणि वॅट: आकडे तेच, हिशेब वेगळे

गीझर २००० वॅटचा आणि जुना पिवळा बल्ब १०० वॅटचा. यांत रोध जास्त कोणाचा? दहावीच्या वर्गात विचारा, नाहीतर फिटिंगच्या कामाला नव्यानेच लागलेल्या पोराला विचारा, बहुतेक जण गीझर म्हणतात. एवढा तापतो म्हणजे आत अडथळाही तेवढाच मोठा असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्यक्षात बल्बचा रोध गीझरच्या वीसपट असतो.

हिशेब करून बघू. गीझरला २३० व्होल्ट मिळाले की त्यातून साधारण ८.७ अँपिअर करंट वाहतो. या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे रोध: २३० ÷ ८.७, साधारण २६.४ ओहम. त्यांचाच गुणाकार म्हणजे शक्ती: २३० × ८.७, साधारण २००० वॅट. बल्बमधून ०.४३५ अँपिअर वाहतात, म्हणून त्याचा रोध ५२९ ओहम आणि शक्ती १०० वॅट. घरात सगळी उपकरणं समांतर जोडलेली असतात, प्रत्येकाला तेच २३० व्होल्ट मिळतात. मग ज्याचा रोध कमी, तो जास्त करंट ओढणार आणि त्याचेच वॅट जास्त भरणार.

रोध हा कॉइलचा स्वतःचा गुण आहे. तारेचा धातू, लांबी आणि जाडी यांवर तो ठरतो आणि बटण बंद असतानाही असतोच. शक्ती मात्र बटण दाबल्यावरची गोष्ट आहे: दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते, ते ती सांगते. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर उतरतं तेव्हा हा फरक नीट कळतो. गीझरच्या नायक्रोम या मिश्रधातूच्या कॉइलचा रोध जवळपास तेवढाच राहतो. करंट मात्र ६.८ अँपिअरवर येतो आणि शक्ती साधारण १२२५ वॅटवर. व्होल्टेज २२ टक्क्यांनी घटलं, पण शक्ती ३९ टक्क्यांनी, कारण व्होल्टेजबरोबर करंटही घटला. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो, त्यात गीझरचा काही दोष नाही. पाटीवरचे २००० वॅट २३० व्होल्ट धरूनच लिहिलेले असतात.

खरा गोंधळ पुढच्या दोन सूत्रांत होतो. शक्ती म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, आणि शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. पहिल्यात रोध वाढला की उष्णता वाढते, दुसऱ्यात कमी होते. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत. फक्त काय कायम राहतंय ते आधी बघायचं. करंट कायम असेल तर पहिलं वापरा, व्होल्टेज कायम असेल तर दुसरं.

समजा गीझरच्या सॉकेटमध्ये एक पिन सैल आहे आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. गीझरच्या २६.४ ओहमांपुढे तो किरकोळ, त्यामुळे करंट फारसा बदलत नाही, ८.५ अँपिअरच्या आसपास राहतो. आता ८.५ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ३६ वॅट. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याहून जास्त उष्णता एका पिनेच्या टोकाशी साठत राहते. सॉकेट आधी पिवळं पडतं, मग काळं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही, कारण एकूण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून गरम लागणारा प्लग दिसला की तो त्याच दिवशी बदलून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगतो.

इथे कोणी २३० चा वर्ग भागिले ०.५ करायला गेला तर उत्तर एक लाख वॅटच्या वर जातं. चूक सूत्राची नाही. त्या पिनेवर २३० व्होल्ट नसतातच, असतात जेमतेम सव्वाचार. बाकीचे गीझरवर पडतात. व्होल्टेज आणि करंट एकाच वस्तूचे घ्यायचे, यावर सगळा हिशेब उभा आहे.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर पाहायची तर चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे ही थेट प्रवाहाची (डीसी) वाहिनी घ्या. अधिक आणि उणे ५०० किलोव्होल्ट, म्हणजे दोन तारांमध्ये दहा लाख व्होल्ट, आणि क्षमता १५०० मेगावॅट. भागाकार केला की १५०० अँपिअर करंट मिळतो. आता दहा लाखाला १५०० ने भागून ६६७ ओहम हा तारांचा रोध मानला, तर चंद्रपूरची सगळी वीज वाटेतच जळाली असती! ते ६६७ ओहम पलीकडच्या मागणीचे आहेत. तारांचा रोध काढायचा तर वाटेत जेवढे व्होल्ट उतरतात तेवढेच करंटने भागायचे. इतकं व्होल्टेज ठेवायचं कारणही करंटच्या वर्गात आहे: व्होल्टेज निम्मं केलं तर तेवढ्याच विजेसाठी करंट दुप्पट लागेल आणि तारांतली उष्णता चौपट होईल.

मल्टिमीटरने बंद बल्बचा रोध मोजला तर ५२९ ओहम दिसत नाहीत, चाळीसच्या आसपास दिसतात. मीटर बिघडलेला नसतो, टंगस्टनची तार थंड असते. तापली की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून बटण दाबताक्षणी बल्ब नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि जुने बल्ब बहुधा त्याच क्षणी उडतात.

पंखा आणि पाण्याची मोटर यांना हा साधा भागाकार लावू नये. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंट आटोक्यात ठेवते. तिचे वॅट काढताना व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा सांगणाऱ्या आकड्यानेही, गुणावं लागतं. पंप गाळाने जाम झाला की ते उलट व्होल्टेज नाहीसं होतं, करंट कित्येक पटींनी चढतो आणि स्टार्टरने वेळेत तोडलं नाही तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आत गुंडाळलेली तार, जळतं.