फ्लॅश मेला म्हणण्याआधी

लग्नसराई लागली की नाशिकच्या फोटोग्राफर ग्रुप्सवर एक मेसेज ठरलेला, "लाईट उडत नाहीये, कुणाकडे एक्स्ट्रा आहे का अर्जंट?" आणि गंमत अशी की त्यातले बरेचसे लाईट, म्हणजे स्टुडिओ फ्लॅश, ठणठणीत असतात. घोळ असतो तो कॅमेरा ते लाईट या मधल्या रस्त्यात. पण तो शोधायचा तर आत काय चालतं हे थोडं माहीत पाहिजे.

स्टुडिओ फ्लॅशमध्ये वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असतो, तो साधारण तीनशे-साडेतीनशे व्होल्टपर्यंत भरतो. गच्चीवरची टाकी बारीक नळाने हळूहळू भरावी आणि खालचा मोठा कॉक एकदम उघडावा, तसं. कॉक उघडते ट्रिगर कॉईल, ती काही हजार व्होल्टचा झटका देते, काचेच्या ट्यूबमधला झेनॉन वायू वीज वाहून न्यायला तयार होतो आणि साठवलेलं सगळं त्यातून निघून जातं. 300 जूलचा लाईट हे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो असं धरलं तर त्या क्षणापुरते 3 लाख वॉट होतात, एवढं भिंतीवरच्या बोर्डातून थेट ओढायचं म्हणजे विचारच सोडा. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या हॅरल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात पुढे आणलं, तेही फोटोसाठी नाही, जोरात फिरणारी मोटर जागच्या जागी थांबल्यासारखी दिसावी म्हणून.

आता तक्रारींकडे. फोटोत खाली नाहीतर बाजूला काळा पट्टा येतो, आणि लोक सॉफ्टबॉक्स (लाईटपुढचा, प्रकाश मऊ करणारा कापडी डबा) हलवत बसतात. कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात, पहिला उघडतो, मागून दुसरा बंद करत येतो. साधारण 1/200 सेकंदाच्या शटर स्पीडपर्यंत असा एक क्षण मिळतो की सेन्सर पूर्ण उघडा आहे, फ्लॅश तेव्हाच उडायला हवा. 1/500 वर गेलात की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठच निघतो, सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते आणि फ्लॅश तेवढ्याच पट्टीवर पडतो. कॅमेऱ्याकडून लाईटला उडायचा इशारा देणाऱ्या वायरलेस ट्रिगरलाही सिग्नल पोचवायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पुस्तकात 1/200 लिहिलं असलं तरी स्वस्त ट्रिगरवर 1/160 किंवा 1/125 ठेवा, भांडणच नको.

दुसरा प्रकार जास्त चक्रावणारा आहे, लाईट डोळ्यांदेखत उडतो पण फोटो काळाच! लाईट ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशचा चमका दिसला की आपणही उडायचं, ही सेटिंग) असेल आणि कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे प्रकाश आपोआप मोजण्याच्या मोडवर, तर तो छोटा आधी एक चाचणीचा चमका सोडतो, मोठा लाईट बिचारा त्यालाच खरा समजून रिकामा होतो आणि शटर उघडतं तेव्हा त्याच्याकडे काही उरलेलंच नसतं. दोन चमक्यांमधलं अंतर इतकं कमी की आपल्याला एकच दिसतो. छोटा फ्लॅश मॅन्युअलवर टाका, विषय संपला. गंगापूर रोडच्या लॉन्सवर पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांनी आपले लाईट उडतात तेही याच स्लेव्हमुळे, तिथे स्लेव्ह बंद करून रेडिओ ट्रिगरच वापरावा.

लाईट उडतच नसेल तर आधी लाईटवरचं टेस्ट बटण दाबा. त्याने उडला म्हणजे लाईटला दोष नाही, पुढची चौकशी ट्रिगरची: चॅनल, सेल, आणि मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट (आवाज न करणारं) शटर चालू राहिलंय का, कारण त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांवर फ्लॅश उडतच नाही. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे प्री-वेडिंग करून आलात की ट्रिगरच्या पायाखालचे, कॅमेऱ्याला टेकणारे पितळी ठिपके बघा, दमटपणाने त्यावर मळकट थर चढतो, साध्या खोडरबराने घासलं की पुन्हा चकाकतात आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

लाईट रिचार्ज व्हायला वेळ घेतोय? तीन लाईट आणि कूलर एकाच बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर लावलेत का ते बघा, प्रत्येक फ्लॅशनंतर सगळे एकदम करंट मागतात आणि व्होल्टेज पडतं. मे महिन्यात फुल पॉवरवर धडाधड उडवत राहिलात तर काही लाईट स्वतःहून थांबतात, तो बिघाड नाही, आतलं थर्मल कट-ऑफ आहे, पंख्यासमोर जरा गार होऊ द्या.

मला खरी काळजी वाटते ती कपाटात पडून राहिलेल्या लाईटची. कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साईडचा अगदी पातळ थर असतो, व्होल्टेज अडवून धरणारा तोच, आणि महिनोन्महिने वीज मिळाली नाही की तो कमजोर होतो. मग दिवाळीनंतर काढून थेट फुल पॉवरवर टाकला की आतून करंट झिरपतो, कपॅसिटर तापतो, कधीकधी फुटतोही. असा लाईट आधी सगळ्यात कमी पॉवरवर अर्धा-एक तास नुसता चालू ठेवा, अधूनमधून उडवा, मग पायरीपायरीने वाढवा. आणि तसंही दोन-तीन महिन्यांतून एकदा चालू करायची सवय ठेवली तर ही वेळच येत नाही.

फ्यूज उडाला तर प्लग काढून तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा टाका, जाड तार गुंडाळायचा आपला देशी उपाय इथे नको. नवाही लगेच उडाला तर दुरुस्तीवाल्याकडेच न्या, स्क्रू काढून बघू म्हणू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज बराच वेळ राहू शकतो.